भिंतीतल्या दोन नळ्या

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू घेतेयस त्या घराचा इन्स्पेक्शन रिपोर्ट, म्हणजे तपासणीचा अहवाल, काल रात्री पूर्ण वाचला. ४२ पानं बघून तुझं धाबं दणाणलंय, हे फोनवरच कळलं. न्यू जर्सीतल्या जुन्या घराचा रिपोर्ट असाच येतो. ढिली कडीसुद्धा लिहून ठेवणं हे इन्स्पेक्टरचं कामच आहे.

पण विक्रेत्याकडे सगळंच मागू नकोस. एडिसन गावातलं माझं घर घेताना मी वकिलामार्फत २३ कलमांची यादी धाडली होती. गळका नळ, खिडकीची जाळी, काही सोडलं नाही. घर विकणाऱ्या आजी तीस वर्षं तिथे राहिलेल्या. त्यांना ते फार लागलं. शेवटी फक्त छप्पर दुरुस्त करून द्यायला कबूल झाल्या. कुणालातरी बोलावून चिमणीच्या कडेनं काळं डांबर फासून घेतलं. फेब्रुवारीत बर्फ वितळलं आणि बेडरूमच्या छताला ताटाएवढा ओला डाग पडला. घर सोडून निघालेलं माणूस स्वस्तातलाच कारागीर बघणार, त्यांना तरी काय बोल लावायचा?

म्हणून दुरुस्ती नको, क्रेडिट माग. क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होतं त्या दिवशी, तेवढी रक्कम तुझ्या खर्चातून वजा होते आणि काम तुझ्या देखरेखीखाली होतं. आधी लोनवाल्याला विचार मात्र. तू १० टक्क्यांहून कमी डाऊन पेमेंट देतेयस. कन्व्हेन्शनल लोनवर, म्हणजे सरकारी हमी नसलेल्या कर्जावर, अशा वेळी विक्रेत्याकडून किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंतच घेता येतं, आणि तेही क्लोजिंगच्या खर्चापेक्षा जास्त नाही.

रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू, ६.८ पिकोक्युरी प्रति लिटर आलाय. ४ झाला की उपाय करा, असं ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था सांगते. या वायूला ना रंग ना वास, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचं सिगारेटनंतरचं मोठं कारण हाच. तळघराच्या जमिनीखालून पाइप काढून पंख्यानं तो छपरावर सोडतात. त्याचं क्रेडिट माग.

पान ३१ वरचा फोटो पुन्हा बघ. तळघराच्या भिंतीतून आलेल्या, टोकाला कापलेल्या दोन तांब्याच्या नळ्या दिसतात ना? अशा नळ्यांतून घर तापवायच्या भट्टीला तेल यायचं, म्हणजे अंगणात जुनी तेलाची टाकी पुरलेली असू शकते. इथे क्रेडिटवर भागवू नकोस. टाकी गळली असेल तर मातीचा खर्च किती येईल, हे खणल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. टाकी निघाली तर ती त्यांनीच क्लोजिंगआधी काढायची आणि कागदपत्रं द्यायची. माती खराब असेल, तर सफाई पुरी झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय सही करू नकोस.

विक्रेत्याला मागण्या कळवायची मुदत शुक्रवारी संपतेय. उद्या सकाळी आधी टँक स्वीपवाल्याला, म्हणजे पुरलेली टाकी यंत्रानं शोधणाऱ्याला, फोन कर, मग वकिलाला. मसुदा मला पाठव, मी रात्री जागीच असेन.

तुझी,
मावशी