आधी काकूंकडे जा

"शाळेपासूनचा माझा जिवलग मित्र १९९९मध्ये कारगिलला शहीद झाला. दिवस झाल्यावर मी त्याच्या घरी पुन्हा गेलोच नाही. त्याची आई आता ७८ वर्षांची आहे, मुलीकडे कळव्याला असते. आमच्या बॅचने २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, चौकात त्याचा मोठा फ्लेक्स लावून कार्यक्रम करायचं ठरवलंय. मला ते नकोसं वाटतंय. काय करू?"
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

तुम्हाला नकोसं वाटतंय ते योग्यच आहे. जुलैच्या पावसापाण्यात फ्लेक्स फाटतो, परवानगी नसेल तर पालिका उतरवते. मग तो चेहरा गटाराकडेला पडलेला घरच्यांपैकीच कुणाला तरी दिसतो. घरच्यांना विचारल्याशिवाय त्याचा फोटो कुठेही लागणार नाही, एवढं बॅचला आजच सांगा.

पण तुमचं खरं काम कळव्याला आहे, आणि ते २६ जुलैच्या आधी करा. त्या दिवशी अशा घरांत शाल-श्रीफळवाल्यांची ये-जा असते, त्यात तुम्ही आणखी एक पाहुणे व्हाल. साधा वार बघा, दुपारी चारच्या सुमारास जा, आणि एकटे जा. चौघं मिळून गेलात की भेटीचा सत्कार होतो. दोन दिवस आधी त्यांच्या मुलीला फोन करा. अचानक दारात उभे राहू नका. इतक्या वर्षांनी मुलाच्या वयाचा मित्र समोर आला की या वयात धक्का सोसत नाही.

माफी एका वाक्यात मागा: "काकू, यायचा धीर झाला नाही, चुकलं माझं." तिथेच थांबा. लांबण लावलीत तर त्याच तुमची समजूत काढत बसतील. रागावल्या तर ऐकून घ्या. "तुला मुलं किती?" हे विचारतीलच. सरळ सांगा, काय शिकतात तेही सांगा. तुम्ही चाचरलात तर त्यांना ते जास्त लागेल. तो कसा गेला, हे मात्र आपणहून काढू नका.

मग बोलायचं काय? जवान म्हणून त्याची आठवण राखायची सोय देशाने केली आहे. कारगिलजवळ द्रासला, तोलोलिंग डोंगराच्या पायथ्याशी स्मारक आहे. दिल्लीत इंडिया गेटजवळ २०१९मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारक उभं राहिलं. तिथे त्याग चक्राच्या भिंतींवर प्रत्येकाची ग्रॅनाइटची वीट आहे, तिच्यावर नाव, हुद्दा, रेजिमेंट. पण क्लास बुडवून तलावपाळीला बोटीत बसणारा आणि घरी "सरांनी उशिरा सोडलं" म्हणून सांगणारा मुलगा, ज्याच्याबद्दल तुम्ही पत्रात लिहिलंय, तो कुठल्याच भिंतीवर नाही. काकूंना हे बहुधा आजही ठाऊक नसेल. हेच सांगा, त्याला घरी हाक मारायचे त्याच नावाने.

तुमच्याकडचे शाळेचे फोटो सोबत न्या, मूळ प्रती नव्हे, मोठ्या छापून. त्यांनी त्याची पत्रं काढून दाखवली तर स्कॅन करून द्यायची तयारी ठेवा, ६०० डीपीआयवर. फोनने त्यांचे फोटो काढायचे असतील तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. लॅमिनेशन अजिबात नको: उष्णतेने शाई बिघडू शकते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. पिना, क्लिपा काढा. आपल्या दमट हवेत त्या गंजून कागद खातात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने ओढला तर फाटतो. मागून दात साफ करायचा दोरा हळूहळू सरकवा. फोटोमागे नावं आणि साल पेन्सिलने लिहा, कारण बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. पत्रं कागदी पाकिटात घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बंद डब्यात ठेवा. माळ्यावर नको, तिथे ओल धरते.

काकूंना वीट बघायची असेल तर तब्येत विचारून दिल्लीला न्या. द्रासला मात्र त्यांना नेऊ नका. ते ३,००० मीटरच्या वर आहे आणि श्रीनगरहून जाताना त्याहून उंच झोजिला खिंड ओलांडावी लागते. बॅचने जावं, उन्हाळ्यात, वाटेत एक-दोन मुक्काम करून, म्हणजे विरळ हवेचा त्रास कमी होतो.

आणि फ्लेक्सचे पैसे? बॅचने १ लाख जमवून शाळेच्या नावे ठेव ठेवली, तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६,५०० रुपये येतात. त्याच्या नावाने एक बक्षीस त्यात सहज बसतं. ते कशासाठी द्यायचं, हे काकूंना ठरवू द्या.