एकाच रस्त्यावर तीन चर्च, मग ख्रिश्चनांचा देव एक का तीन?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन जालन्याला आलात, रूम ते ऑफिस एवढ्या रस्त्यात तीन चर्च दिसली, ऑफिसात दोघं ख्रिश्चन आहेत पण एक दुसऱ्याच्या चर्चची पायरी चढत नाही, आणि जाता जाता ‘हे लोक मुळात ख्रिश्चन होतात कसे, पैशाबिशासाठी का’ असंही विचारून घेतलंय. शेवटचं थोडं टोचलं पण राग नाही आला, शाळेत आम्हाला, मिशनच्या फुकट दूधपावडरीसाठी ख्रिश्चन झालेले अशा अर्थानं, ‘दूधपावडर’ म्हणून चिडवायचे, त्यामानानं तुम्ही लई सभ्य विचारलंय.

देव एकच हो. माणसं मात्र वेगवेगळ्या रस्त्यानं आली आणि ज्या रस्त्यानं आली त्या रस्त्याचं नाव अजून दारावर लावून बसलीत. मी जालन्याचाच. बाप सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, हे प्रोटेस्टंट), माय कॅथलिक, चुलतभाऊ ‘विश्वासी’, पत्र्याच्या शेडमधल्या नव्या प्रार्थनेवाला, म्हणजे तुम्ही पाहिलेली तिन्ही चर्च आमच्या एका घरातच आहेत म्हणा ना.

बापाकडून सांगतो आधी. आमच्या पणजोबाच्या तोंडी गोऱ्या साहेबापेक्षा जास्त नाव असायचं ते रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं. हे मूळचे ब्राह्मण, १८४३ ला मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडं बाप्तिस्मा घेतलेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, शाळकरी पोरगं, तोही त्यांच्या मागोमाग मिशनऱ्यांकडं गेला, तर बाप कोर्टात गेला आणि कोर्टानं पोरगं अल्पवयीन म्हणून बापाच्या ताब्यात दिलं. मग त्याला परत जातीत घ्यायचं का नाही यावरून ब्राह्मणांत केवढा राडा झाला, बाळशास्त्री जांभेकर म्हणाले घ्या, सनातनी म्हणाले घ्याल तर तुम्हालाच वाळीत टाकू. एका घरातले दोन भाऊ, एक शुद्ध होऊन परत गेला आणि दुसरा निजामाच्या मुलखात जालन्याला येऊन बसला. इथं त्यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल नावाचं गाव वसवलं, आणि तिथं राहायला कोण आलं तर बहुतेक मांगवाड्यातले आणि महारवाड्यातले लोक. ब्राह्मण पाद्री आणि समोर मांगवाड्यातली मंडळी, एका विहिरीचं पाणी, विचार करा त्या काळी कसं दिसलं असंल. आमचे खापरपणजोबा त्यातलेच.

आता पैशाचं. दुष्काळात मिशननं धान्य दिलं, पोरं सांभाळली, शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे खरं आहे आणि काही लोक पोटासाठी आले हेही खरं, मी लपवणार नाही. पण ज्याला गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्याला कुणी शेजारी बसवून नाव घेऊन हाक मारली आणि तो गेला, तर त्याला ‘विकला गेला’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि व्यवहार बघायचा तर उलटाच आहे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला एससीच्या सवलती नाहीत, पुढं शीख आणि बौद्धांना मिळाल्या, आम्हाला अजून नाहीत. तर हा सौदा म्हणलं तर लई आतबट्ट्याचा.

दुसऱ्या टोकाला कवी नारायण वामन टिळक घ्या. १८९३ ला रेल्वेत एक गोरा भेटला, गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात दिला आणि म्हणाला दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत खरंच बाप्तिस्मा. त्यांना कुणी धान्य दिलं नव्हतं, उलट होतं ते घरदार गेलं. बायको लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या वाटेवर, पुढं १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, नवऱ्यानं सांगितलं म्हणून नाही, स्वतःच्या मनानं. टिळक म्हणायचे की मी तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. आमच्या चर्चमध्ये आजही त्यांची अभंगाच्या चालीवरची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतात, बाहेर उभं राहून ऐकाल तर वाटंल सप्ताह चालूये.

आणि पंडिता रमाबाई. संस्कृत पंडिता, १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि मग बघते तर काय, इथंही पंथ, उपपंथ, प्रत्येकजण म्हणतो आमचंच खरं. हिंदू धर्मातले मतामतांचे गलबले सोडून आलेली बाई तिथल्या पंथांचा बाजार बघून चक्रावली, आणि ज्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, सिस्टर्सकडं राहिली त्यांच्याशी पत्रांतून चांगली वाजली तिची. मला खरा ख्रिस्त बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी सापडला असं तिनं स्वतः लिहिलंय. म्हणजे तुम्हाला जो प्रश्न जालन्याच्या रस्त्यावर पडला तो रमाबाईंनासुद्धा पडला होता, कमीपणा मानू नका.

आता फूट कशी आली ते. युरोपातली भांडणं, १०५४ ला पूर्वेचं आणि पश्चिमेचं चर्च तुटलं, १५१७ ला ल्यूथरचं पोपशी भांडण, मग इंग्लंडच्या राजाचं लग्नाचं प्रकरण, हे सगळं पुस्तकात मिळंल तुम्हाला, त्यात मी शिरत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या माणसानं यातलं एकही भांडण केलेलं नाही. आमच्याकडं पंथ कुणी निवडला नाही, गावात कोणाची बैलगाडी आधी आली त्यावर ठरला. प्रोटेस्टंट मिशनांनी एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून मुलूख वाटून घेतला होता, नगर अमेरिकन मिशनकडं, जालना स्कॉटिशांकडं, औरंगाबाद इंग्लंडच्या सीएमएसकडं (चर्च मिशनरी सोसायटी), तिथं रतनजी नवरोजी नावाचे पारशी घरातले पाद्री कितीतरी वर्षं होते. म्हणून जालन्याचा माणूस प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटिशांच्या पंथाचा, आणि साठ किलोमीटरवरचा त्याचा व्याही अँग्लिकन, दोघांनाही त्याचा अर्थ विचाराल तर एकच उत्तर, ‘आमच्या आजोबापासून असंच आहे’. कॅथलिक या वाटणीत नव्हते. फ्रान्सकडचे फादर वैजापूर तालुक्यात घोगरगावला १८९० च्या दशकात आले आणि त्या पट्ट्यातली गावंच्या गावं कॅथलिक झाली. माझी माय त्याच पट्ट्यातली.

मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेच सीएनआय. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरन असले लोक एका ताटात, लहान बाळाचा बाप्तिस्मा पण चालतो आणि मोठेपणी घेतलेला पण चालतो असं ठरवून. अमेरिकन मेथाडिस्ट ऐनवेळी मागं हटले, ते अजून वेगळेच आहेत. माझं विचाराल तर ही एकी फार मोठी गोष्ट होती, पण पुढं जमिनी कोणाच्या, ट्रस्टवर कोण, यावरून कोर्टकचेऱ्या एवढ्या झाल्या की चर्चमध्ये बायबलएवढीच वकिलाची फाईल जाड झाली.

कॅथलिक आणि आमच्यात फरक काय ते तुमच्या सहकाऱ्यांना विचारू नका, दोघंही अर्धवट सांगतील. मोटामोटी असं की त्यांचे फादर लग्न करत नाहीत, आमचे पाळकसाहेब करतात. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं, आमच्यात ६६. त्यांची मिस्सा, आमची उपासना, ते मारियेला विनंती करतात, आम्ही करत नाही, पण सप्टेंबरात नगर जिल्ह्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्याच, यात्रेला आमच्यातल्याही बाया गुपचूप जातात, नवसाची मेणबत्ती कुठल्या पंथाची हे कोण बघतंय. भेटल्यावर आम्ही ‘सलाम’ म्हणतो, ते ‘जय ख्रिस्त’ म्हणतात, आणि नवीन लोक ‘प्रेज द लॉर्ड’. नुसत्या नमस्कारावरून कोण कुठला ते कळतं.

तो तिसरा, पत्र्याच्या शेडमधला, ज्याच्या स्पीकरचा तुम्हाला त्रास होतो म्हणताय, तिथं माझा चुलतभाऊ जातो. हा दारूत पार बुडालेला माणूस. आमच्या चर्चमध्ये रजिस्टरला नाव, नाताळला नवीन शर्ट घालून येणार आणि वर्षभर गुत्त्यावर. कुणीतरी त्याला त्या प्रार्थनेला नेलं, डोक्यावर हात ठेवून तास-तास प्रार्थना केली, आणि दारू सुटली. कशी सुटली ते मला विचारू नका, सुटली हे खरं. मग त्याला पाण्याचा बाप्तिस्मा घ्यायचा होता, म्हणजे पूर्ण बुडी मारून, आमच्यासारखं कपाळावर शिंपडून नाही. पण साल होतं २०१६, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, बुडायला पाणी आणायचं कुठून! पास्टर म्हणाले थांबू. भाद्रपदात पाऊस आला तेव्हा एकाच्या शेततळ्यात ठरलं. मी बघायला गेलो होतो, घरी न सांगता. शेततळ्याचा प्लास्टिक कागद म्हणजे नुसतं साबण, त्यावर शेवाळ, उतरला की वर येणं नाही, म्हणून भावाच्या कमरेला कासरा बांधलेला आणि काठावर दोघं धरून उभे. पास्टर सावकाश उतरले, भाऊ उतरला, ‘पित्याच्या, पुत्राच्या’ म्हणेपर्यंत दोघांचेही पाय सटकले आणि पवित्र आत्म्याचं नाव पाण्याखालीच घेतलं बहुतेक. वर आला तो खोकत, रडत आणि हसत. काठावरच्या बाया टाळ्या वाजवून गाणं म्हणायलेल्या आणि पलीकडच्या बांधावर शेताचा मालक, जो ख्रिश्चनबिश्चन काही नाही, तो ओरडायलेला, ‘आरं कासरा सोडू नका!’

आमच्या चर्चच्या पंचांना हे कळल्यावर मीटिंग. लहानपणी बाप्तिस्मा झालेला असताना परत कामून घेतला, म्हणजे आमचा खोटा होता का? रजिस्टरमधून नाव काढलं. तिकडं त्याला सांगितलं की तुझी जुनी मंडळी झोपलेली आहे. माझ्या मते दोघंही थोडे थोडे बरोबर होते आणि दोघांनीही जरा तोंड आवरायला पाहिजे होतं. माझा बाप, जो पंचांत बसायचा, मीटिंगमध्ये एवढंच म्हणाला की पोरानं दारू सोडली, आता कितीदा भिजला ते मोजू नका. पण नाव गेलंच.

त्या शेडमध्ये अजून एक प्रकारचे लोक येतात ज्यांचा बाप्तिस्माच नाही, कागदावर हिंदू, घरात खंडोबाचे टाक पण आहेत, आणि शुक्रवारी उपास करून येशूची प्रार्थना. टिळकांनी १९१७ ला मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला होता तो असाच, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र. दोन वर्षांत टिळक गेले, नाहीतर पुढं काय झालं असतं कोण जाणे.

एक फूट मात्र कुठल्याच मिशननं आणलेली नाही, ती आमच्याबरोबर आत आली. सोयरीक जुळवताना आधी विचारतात कोणत्या मंडळीचे, पण त्याच्याही आधी, हळू आवाजात, ‘मूळचे कोण?’ चार पिढ्या झाल्या तरी मूळ सुटत नाही. सीएनआय-कॅथलिक लग्न होऊन जातं एकवेळ, मांग-महार मूळ आडवं आलं की दोन्हीकडचे म्हातारे एकदम आजारी पडतात. तुमच्या ऑफिसातल्या दोघांचं पण चर्चमुळेच पटत नसंल असं धरून चालू नका.

माझ्या माय-बापाच्या लग्नात हे मूळ आडवं नव्हतं, पंथ होता. लग्न झालं बापाच्या चर्चमध्ये, बिशपची परवानगी न काढता, त्यामुळं कॅथलिक नियमानं ते लग्न धरलंच नाही आणि माहेरच्या मिस्सेत तिला ख्रिस्तशरीर, म्हणजे तिथली प्रसादाची भाकर, घेता येईना. आणि आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, घ्यायला तिला कुणी अडवत नव्हतं पण तीच घेत नव्हती, म्हणायची माझं मन नाही मानत. वीसेक वर्षांनी तिकडं एक नवीन फादर आले, त्यांनी कागद करून, घरी येऊन, दोघांना समोर उभं करून लग्न नीट लावून दिलं, मी तेव्हा कॉलेजात होतो, आईबापाच्या लग्नात पेढे मीच वाटले.

पण इकडं ती अजून घेत नाही. आणि मजा अशी की आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाचा रस तीच करते, चाळीसएक वर्षं झाली. शनिवारी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, पहाटे त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, ते फडकं दुसऱ्या कशाला वापरू देत नाही. मधी एकदा गुडघ्याच्या ऑपरेशननं ती पडून होती तेव्हा पंचांनी बाजारातून बाटलीतला ज्यूस आणला तर निम्म्या मंडळीनं तोंड वाकडं केलं, पाळकसाहेब स्वतः घरी येऊन म्हणाले ताई लवकर बऱ्या व्हा. रविवारी ट्रे फिरत येतो, बोटाएवढे पेले, ती शेवटच्या बाकावर कडेला बसलेली असते, ट्रे हातात घेते, एक पेला जरा कमी भरलाय का बघते, आणि शेजारणीकडं सरकवते.