बुरशी आलेले दाणे भाजून चालतील का?

प्रश्न : उपवासांचे दिवस जवळ आले म्हणून मार्केट यार्डातून पाच किलो शेंगदाणे एकदम आणले होते. परवा डबा उघडला, तेव्हा तळाच्या दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसली. खराब दाणे निवडून काढून उरलेले खमंग भाजले, तर त्यांचे कूट खिचडीला चालेल का? की ते सारे गोठ्यातील गाईला घालावेत?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कूट करू नये आणि दाणे गाईलाही घालू नयेत. नुसत्या रंगावरून बुरशीची जात ठरत नाही. तथापि शेंगदाण्यावर हिरवट-पिवळी वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. भाजताना बुरशी मरते, परंतु तिने दाण्यात सोडलेले विष कढईतील आचेने थोडेफार घटले तरी नाहीसे होत नाही. ऊन दिल्यानेही पुढची वाढ तेवढी थांबते.

निवडण्याचा उपाय वरवर पटण्यासारखा आहे. पण एखादा धडधाकट दिसणारा दाणा सोलून त्याच्या दोन पाकळ्या वेगळ्या करून पाहा, कधीकधी बुरशी नेमकी त्या फटीत बसलेली असते. शिवाय या विषाला रंग, वास वा चव नसते, त्यामुळे खवट लागत नाही म्हणून दाणा चांगला, हा आपला नेहमीचा निकष येथे कुचकामी ठरतो.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि शोध घेता घेता दोष शेंगदाण्याच्या पेंडीत सापडला, तेव्हा हे विष उजेडात आले. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. इतकी मोठी मात्रा आपल्या डब्यात असण्याचा संभव कमी. परंतु थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि कावीळ ब असलेल्यांना तो अधिकच असतो.

पाच किलो स्वस्त पडतात हे खरे, पण पावसाळ्यात महिन्यापुरतेच आणावेत आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. आताचे दाणे पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावेत. गाईने ते खाल्ले, तर विषाचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो, आणि ते दूध बहुधा आपल्याच चहात येईल.