‘माझ्या जीन्समुळेच झालं ना?’

पहिल्या बाळाच्या मणक्यात जन्मजात दोष निघाला, आता दुसऱ्याचा विचार करावा की नको, असं विचारणारी जोडपी माझ्याकडे नेहमी येतात. त्यातल्या एकीची ही हकीकत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

फाइल उघडण्याआधीच तिने एक रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. ‘एमटीएचएफआर’ या ओळीखाली लाल पेनाने दोनदा रेघ मारलेली. “मॅडम, दोष माझ्यातच आहे. खरं ना?” नवरा काहीच बोलेना.

आधी मी तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढला. दोन्ही घरांत असं बाळ कधीच नव्हतं. हे नवल नाही. स्पायना बिफिडा, म्हणजे मणक्याचा हा दोष, असलेली बहुतेक बाळं अशाच घरांत जन्मतात. मधुमेह, फिट्सची औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट, यांबद्दल विचारलं. तसं काही नव्हतं. बाळाची गुणसूत्रंही तपासलेली होती, ती नॉर्मल निघाली होती. हा कागद मला लाल रेघेपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटला, कारण गुणसूत्रांत दोष असता तर सगळं गणितच बदललं असतं.

मग लाल रेघेकडे वळले. एमटीएचएफआर जीन शरीराला फोलेट, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, वापरायला मदत करतो. त्यातला रिपोर्टमध्ये दाखवलेला हा बदल फार सर्रास आढळतो. त्याने धोका किंचित वाढतो, पण तो असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळं निरोगीच असतात. हा दोष एका जीनच्या माथी मारता येत नाही. आई-वडील दोघांकडून आलेले अनेक छोटे बदल आणि गर्भारपणातली परिस्थिती जुळून आली की तो होतो. “तुमच्यामुळे झालं, असं हा रिपोर्ट म्हणत नाही,” मी स्पष्ट सांगितलं.

“मग पुन्हा होईल का?” नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

एक बाळ असं झालं असेल तर पुढच्या वेळी शक्यता शंभरात साधारण तीन. आणि ती कमी करता येते. 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अशाच मातांवर केलेल्या चाचणीत रोज 4 मिलिग्रॅम फोलिक ॲसिडने, म्हणजे गोळीतल्या फोलेटने, पुनरावृत्ती 72 टक्क्यांनी घटली. मात्र वेळ पाळायला हवी. गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आसपास मज्जानलिका (गर्भातली जी नळी पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनते) मिटते, ती नीट मिटली नाही की हा दोष राहतो, आणि तोवर पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं. म्हणून गोळी दिवस राहण्याआधी किमान महिनाभर, शक्यतो तीन महिने सुरू हवी, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीने. एवढा डोस गाठायला मल्टिव्हिटॅमिनच्या चार-पाच गोळ्या एकदम घेऊ नयेत. त्यातून अ जीवनसत्त्व जास्त होऊन गर्भाला अपाय होऊ शकतो.

“पहिल्या वेळी मी गोळी उशिरा सुरू केली होती,” ती हळूच म्हणाली. वेळेवर घेऊनही काही बाळांना हा दोष होतोच, हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं. फोलिक ॲसिडऐवजी मिथाइलफोलेट हा फोलेटचा दुसरा प्रकारच घ्यायला हवा, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्याचीही गरज नव्हती. हा बदल असलेल्यांनाही फोलिक ॲसिड लागू पडतं, आणि हा दोष टाळण्याचा पुरावा त्याचाच आहे.

पुढच्या गर्भारपणात 16 ते 18 आठवड्यांत एएफपी (या दोषाची शक्यता दाखवणारं गर्भाचं एक प्रथिन) ही रक्तचाचणी आणि 18 ते 20 आठवड्यांत सविस्तर सोनोग्राफी, असं ठरलं.

निघताना नवऱ्याने विचारलं, “माझ्या बहिणीलाही मूल हवंय. तिचं काय?” तिचा धोका तुमच्याइतका नाही, पण भाच्याबद्दल तिने डॉक्टरांना आत्ताच सांगावं, म्हटलं, डोस ते ठरवतील, आणि गोळी दिवस राहण्याआधी सुरू होईल.