काकाजींचा प्रश्न

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,

परवा लेआउटच्या मिटिंगमध्ये तू छान बोललीस. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, आणि त्याचं खापर तू सिमेंट रोडवर फोडलंस. घराच्या जोत्यापेक्षा उंच झालेले रस्ते, मुरायला जागाच न मिळणारं पाणी. मलाही यातलं बरंच पटतं. मग मागच्या खुर्चीवरून काकाजी उठले. "सिमेंट रोड नव्हते तेव्हाही माझ्या घरात गुडघाभर पाणी आलं होतं. त्याचं काय?" तू म्हणालीस, "काकाजी, तेव्हाचा पाऊसच वेगळा होता." टाळ्या पडल्या. ते खाली बसले.

तेव्हाच्या पावसाबद्दल तुला काहीच माहीत नव्हतं, बेटा. उत्तर देण्याआधी तू क्षणभर अडखळलीस, तिथेच मला ते कळलं.

कॉलेजात असताना वादविवादाच्या ढाली मीही जिंकल्या. चिठ्ठीत जी बाजू येईल ती मांडायची आणि परीक्षकांना पटवून दाखवायची. त्या नादात, यातलं खरं काय, हे स्वतःला विचारायची सवय सुटली. ती परत लावताना फार वर्षं गेली. तुझी जाऊ नयेत, म्हणून हे पत्र.

न्यायसूत्रं या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडत राहणं ही वितंडा. वितंडवाद आपण अजून म्हणतो. जल्प हा शब्द मात्र बोलण्यातून गेला, म्हणून आपण तो करतोय हे लक्षातही येत नाही.

दीक्षाभूमीवरून तू रोज जातेस. हिंदू म्हणून मरणार नाही, असं बाबासाहेबांनी येवल्यात १९३५ साली जाहीर केलं आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये २१ वर्षं! वेगवेगळ्या धर्मांचे लोक त्यांना आपल्याकडे ओढत होते, मागे अख्खा समाज वाट बघत होता. ते वाचत राहिले, श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात जाऊन आले. आधी स्वतःची खात्री केली. त्यांच्यामागून लाखो लोक आले ते त्यानंतर.

तू काकाजींच्या घरी जा. पाणी कोणत्या साली आलं, नाल्याकडून की रस्त्याकडून, किती वेळ राहिलं, भिंतीवर खूण उरली आहे का, सगळं विचार. वही ने. तुझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जे निघेल ते तिथल्या तिथे लिही. डार्विन तसंच करायचा, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा गैरसोयीच्या लवकर विसरतात, असा त्याचा अनुभव होता. आणि परवाचं ते उत्तर माहितीशिवाय दिलं होतं, हे त्यांना आधी सांग.

संध्याकाळी पाचनंतर ते गेटजवळ खुर्ची टाकून बसलेले असतात.

तुझा,
काका