माईक कोणाचा आणि खुर्च्या कोणाच्या?

प्रश्न: मी चर्चमध्ये 13 ते 16 वयाच्या मुलामुलींचा संडे स्कूलचा वर्ग घेते. ग्रुप लीडर कोण यावरून कायम रुसवेफुगवे चालू असतात. माईक सगळ्यांना हवा, पण कार्यक्रम संपला की खुर्च्या आवरायला त्याच दोन-तीन मुली थांबतात. सेवक बनून नेतृत्व करायचं असतं हे शिकवलं तर लीडर मुलं माना डोलावतात आणि त्या मुली अजूनच राबायला लागतात. हे नीट कसं शिकवू?
- एक शिक्षिका

उत्तर: ताई, माईकवरची भांडणं मिटतील हो, मला काळजी त्या मुलींची वाटते. सेवेचा धडा सरसकट सगळ्या वर्गाला दिला की असंच होतं, जे आधीच राबतायत ते मनावर घेतात आणि ज्यांच्या हातात अधिकार आहे ते छान होता आजचा संदेश म्हणून घरी जातात. येशूने हा धडा दिला तो पुढे मंडळी म्हणजे चर्च सांभाळणार होते त्या शिष्यांना, आणि तोही आधी स्वतः करून. म्हणून तुम्हीही सुरुवात लीडर मुलांपासून करा, आणि त्याच्याही आधी स्वतःपासून.

बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकाचा 13वा अध्याय वाचताना आपण बहुतेक वेळा येशूने शिष्यांचे पाय धुतले इथेच थांबतो, पण मुलांबरोबर जरा मागेपुढे वाचा. तिसऱ्या वचनात आहे की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे येशूला माहीत होतं, आणि हे माहीत असताना तो जेवणावरून उठला, वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि नोकराचं काम करायला बसला. पुढे त्याचाच शिष्य यहूदा त्याला धरून देणार हेही ठाऊक होतं, तरी त्याला वगळलं नाही. मग सगळं झाल्यावर वस्त्रं घालून परत आपल्या जागी बसला आणि म्हणाला, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. म्हणजे त्याने नेतेपण सोडून दिलं नाही, नेता असतानाच पाय धुतले. मुलांना हे दोन्ही एकत्र दिसायला हवं, नाहीतर त्यांना वाटतं सेवा म्हणजे गप्प बसून सांगितलेलं करणं. आणि लूक 22 पण जोडून वाचा, त्याच रात्री त्याच जेवणाच्या वेळी शिष्य आपल्यात मोठा कोण यावरून वाद घालत होते! तुमच्या वर्गातल्या मुलांना हे ऐकून धीर येईल.

आता प्रत्यक्षात काय करायचं, तर साधा नियम ठेवा, ज्याच्याकडे माईक त्याने आधी येऊन खुर्च्या लावायच्या आणि सगळे गेल्यावर शेवटी निघायचं. त्याच्यासोबत तुम्हीही झाडू हातात घ्या. त्या मुलींना काही दिवस खुर्च्यांना हात लावू देऊ नका, त्यांच्याकडे कार्यक्रम ठरवायची जबाबदारी द्या आणि त्यांनी ठरवलं ते खरंच होऊ द्या, मधे पडून बदलू नका. सगळे निर्णय आपणच घ्यायचे आणि मुलांना फक्त कामं वाटायची, यातून नेतृत्व कसं येणार?

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा, उशिरा आलेल्याला शिक्षा म्हणून झाडायला लावणं. एकदा का साफसफाई ही शिक्षा झाली की पाय धुण्याबद्दल कितीही बोला, मुलं ऐकणार नाहीत. तसंच सेवेला बक्षीस नको, स्टेजवरून नावं घेणं नको, फोटोही नको. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय 6 मधलं वचन या वयाला चांगलं समजतं.

मोठ्या मुलांसोबत प्रेषितांची कृत्ये 6 घ्याच. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या त्या मुख्य शिष्यांनी, कुरकुर करू नका असं म्हटलं नाही, मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलीच माणसं पुढे केली. जेवण वाटायच्या कामाला आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली माणसं हवीत अशी अट होती बघा. मग मुलांना विचारा, आपल्या ग्रुपमध्ये कोण डावललं जातंय? उत्तर यायला वेळ लागेल, शांतता झाली तरी घाईने स्वतःच बोलू नका.

आपलं जमतंय का हे कसं ओळखायचं, तर अमेरिकन लेखक रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 साली सेवक-नेता या विषयावर निबंध लिहिला, त्यातली कसोटी मला फार पटते. ज्यांची सेवा होतेय ती माणसं वाढतायत का, जास्त शहाणी, जास्त मोकळी होतायत का, त्यांनाही पुढे सेवा करावीशी वाटतेय का? वर्षअखेरीला त्या मुलींकडे बघून हे प्रश्न विचारा.

प्रश्न: मला युथ ग्रुपचा लीडर व्हायचंय. असं वाटणं म्हणजे गर्व आहे का?
- एक विद्यार्थी, वय 15

उत्तर: नाही रे, नुसतं वाटणं म्हणजे गर्व नाही. मार्क 10 काढून वाच. याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे त्याच्या उजवी-डावीकडची मानाची जागा मागायला गेले, बाकीचे दहा शिष्य चिडले. येशूने मोठं व्हायची इच्छाच धरू नका असं कुठे म्हटलंय? ज्याला मोठं व्हायचंय त्याने इतरांचा सेवक व्हावं असं सांगितलं, आणि आपण स्वतः सेवा करून घ्यायला नाही तर करायला आलोय हेही. तेव्हा तुझ्या ताईंना किंवा पाळकांना सरळ जाऊन सांग की मला जबाबदारी हवीय, आणि नवीन आलेल्या, एकट्या बसणाऱ्या मुलांची जबाबदारी माग, ती सहसा कोणी मागत नाही. आणि दमलास तर तेही सांगायचं, मार्क 6 मध्ये येशूने शिष्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्या असं म्हटलंय.