वाळवंटातलं युद्ध चालवताना आधी पाणी मोजा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, फासे टाकून गोष्ट रंगवायच्या भूमिका-खेळात दोन वस्त्यांचं युद्ध पहिल्यांदाच चालवताय, तर सैन्याचे आकडे नंतर ठरवा. आधी नकाशावर विहिरी मांडा: दोघींची एकेक आणि मधोमध एक, जिच्यावर दोघी हक्क सांगतात. भांडणाचं कारण तिथेच मिळतं.

मग हिशोब. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत उन्हाळी हवेत माणसाला दिवसाला दोन गॅलन, म्हणजे साधारण साडेसात लिटर पाणी लागतं. ५० सैनिक, तीन दिवसांची चाल: ११२५ लिटर. उंटावर १५० लिटर लादलं तर आठ उंट, आणि मधली विहीर हाती आली नाही तर परतीसाठी आणखी आठ. त्यामुळे खेळाडूंनी रात्री पखाली फाडल्या, तर तलवार न उपसता हल्ला मोडतो. हा मार्ग त्यांना जरूर सुचू द्या.

नवखे मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, जादूने पाणी मिळेल म्हणून घाबरतात. पहिल्या पातळीच्या मंत्रातून दहा गॅलन, म्हणजे पाचच माणसांची सोय होते. घाबरू नका.

प्रत्येक सैनिकासाठी फासे टाकू नका. तासभर जातो आणि खेळाडू मोबाइल काढतात. लढाईतले तीनच प्रसंग निवडा: टेकडी, विहिरीचा काठ, उंटांचा तळ. प्रत्येक ठिकाणी पाच-सहा शत्रू पुरेत. बाकी युद्धाचं पारडं त्या निकालांवरून झुकवा.

आणि शत्रूच्या वस्तीतही तहानलेली मुलं दाखवा. तहाची बोलणी तिथूनच सुरू होतात.